पणजोबा इतके देखणे कसे?

जित्याजागत्या पुरुषाकडे टक लावून पाहायची आपल्याकडे सोय नाही. बाईने पाहिलं तर ती बोलणी खाते, पुरुषाने पाहिलं तर "काय बघतोस रे?" अशी विचारणा होते. भिंतीवरच्या पुरुषाला मात्र कितीही वेळ न्याहाळा. खान्देशातल्या नरडाण्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत बैठकीच्या भिंतीवर, किंचित पुढे झुकवून टांगलेली एखादी तसबीर अजून सापडते. खुर्चीत ताठ बसलेला पंचविशीतला गडी, पीळदार मिशा, कानात मुरकी, एक हात काठीच्या मुठीवर. पायात करकरीत बूट, आणि मागे रंगवलेल्या पडद्यावर खान्देशात कुठेच नसलेलं तळं आणि संगमरवरी खांब. घरातली म्हातारी कौतुकाने सांगते, "हाऊ धल्ला जवानीमा कितला देखना व्हता!" म्हणजे हा म्हातारा तरुणपणी किती देखणा होता!

तिचं खरंच असतं. पण मग त्याच नाकाडोळ्याच्या पणतूचा आधार कार्डावरचा फोटो असा का येत नाही?

पणतूत खोट नाही. फरक आहे तो काचेत, चांदीच्या क्षारांत आणि स्टुडिओवाल्याच्या पेन्सिलीत.

आधी काचेचं पाहू. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने कोलोडियनची ओली काच प्रचारात आणली. काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती वाळायला कितीसा वेळ लागणार! पुढे कोरड्या काचा आल्या आणि तो जीवघेणा खटाटोप संपला. पण या दोन्ही काचांची नजर अधू होती. त्यांच्यावरच्या चांदीच्या क्षारांना निळा आणि जांभळा प्रकाश दिसे, लाल जवळपास दिसतच नसे. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा बिनधास्त लावता यायचा. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला रंगद्रव्य मिसळून काचेला हिरव्या-पिवळ्याची जाण देता आली. लाल रंग ओळखणाऱ्या काचा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आल्या खऱ्या, पण गावोगावच्या स्टुडिओंत पोचायला त्यांना बरीच वर्षं लागली.

याचा परिणाम गमतीदार आहे. काचेला लाल दिसत नाही, म्हणजे फोटोत लाल काळं होतं. लोकमान्य टिळकांची लाल पगडी जुन्या छायाचित्रांत काळपट दिसते ती म्हणूनच. पणजोबांच्या कपाळावरचा काळा टिळा बहुधा कुंकवाचा असतो आणि डोक्यावरचं काळंभोर पागोटं घरातून निघताना लालभडक असू शकतं. धुवट पांढरा अंगरखा मात्र लख्ख उजळून येतो. काळ्या-पांढऱ्याचा तो करकरीत विरोध, ज्याला आपण 'रुबाब' म्हणतो, त्यातला काही भाग काचेच्या आंधळेपणाने दिलेला आहे!

चेहऱ्याचं तर आणखी नवल. लाल प्रकाश कातडीत खोलवर शिरतो, आत विखुरतो आणि मऊ होऊन बाहेर येतो; गालाची ती ओलसर तुकतुकी त्याचीच. निळा प्रकाश वरच्या वरच अडतो. जुन्या काचेला कळायचा तो हाच निळा प्रकाश, त्यामुळे कातडीचा पोत, डोळ्यांच्या कडांच्या रेषा, हनुवटीची धार असं सगळं कोरल्यासारखं उमटतं. उन्हातान्हात राबलेला चेहरा अशा काचेवर पाथरवटाने घडवल्यासारखा दिसतो.

मात्र हेच गिऱ्हाइकाला नको असायचं. कोरीव चालेल, पण काळं नको! मग पेन्सिल पुढे यायची. काचेवरची प्रतिमा उलटी असते: चेहऱ्यावरची काळी सुरकुती निगेटिव्हवर पारदर्शक रेघ होऊन येते. रिटच करणारा कारागीर काच उजेडासमोर तिरपी धरून त्या रेघेत शिसपेन्सिलीचे इवलेसे ठिपके भरायचा. जागा भरली की तिथून कागदावर प्रकाश कमी पडायचा आणि सुरकुती गायब. हात बेताचा चालला तर माणूस पाच वर्षांनी तरुण व्हायचा, जास्त चालला तर उकडलेल्या अंड्यासारखा दिसायचा. असे अंडाकृती पूर्वज अनेक घरांत आहेत. त्यांच्याबद्दल कुणी देखणेपणाचा दावा करत नाही.

फोटो काढून घ्यायला बसावंही लागे बराच वेळ. आजच्यासारखा क्षणार्धात खटका नाही, काही सेकंद निश्चल राहायचं. त्यासाठी मानेमागे लोखंडी चिमट्याची घोडी असायची. इतका वेळ हसू टिकत नाही. ओठ मिटतात, जबडा स्थिरावतो, नजर एका जागी बसते. मधेच पापणी लवली तरी काचेवर तिचा मागमूस राहत नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी माणसांना एकाच चेहऱ्याची चित्रफीत आणि तिच्यातलीच सुटी चित्रं दाखवली, तेव्हा हलता चेहरा सुट्या चित्रांपेक्षा देखणा ठरला. वाटेल त्या क्षणी गोठवलेला चेहरा आपल्याला तितकासा बरा वाटत नाही. काही सेकंदांचा चेहरा एकाच काचेवर साठवणाऱ्या जुन्या छायाचित्राला हाच फायदा मिळत असावा, असा माझा आपला तर्क.

आणि उजेड. स्टुडिओला शक्यतो उत्तरेकडून काचेचं छत असायचं, म्हणजे थेट ऊन नाही, दिवसभर सारखा शांत प्रकाश. तो वरून आणि एका बाजूने आला की नाकाची सावली पलीकडच्या गालावर पडते आणि त्या सावलीत डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या नावाने ही प्रकाशयोजना ओळखली जाते. त्याचा एक भक्त आपल्या खान्देशातच होता. १९१२ साली मुंबईत जन्मलेले छायाचित्रकार केकी मूस यांनी चाळीसगावच्या आपल्या बंगल्याचं नावच 'रेम्ब्रांट्स रिट्रीट' ठेवलं होतं. आयुष्यातली कितीतरी वर्षं ते त्या घराबाहेर फारसे पडले नाहीत आणि १९८९च्या शेवटच्या दिवशी गेले. प्रेयसी रेल्वेने येईल म्हणून ते वाट पाहत राहिले, अशी कथा तिकडे सांगतात. खरी-खोटी कोण जाणे, पण अंधारातून एवढासाच उजेड वेचणाऱ्या माणसाला ती शोभते.

नरडाण्याचा गडी कॅमेऱ्यासमोर पोचला कसा, याची गोष्ट साधी आहे. १९०० सालापर्यंत तापी व्हॅली रेल्वे सुरतेपासून अमळनेरला येऊन भिडली आणि वाटेतल्या गावांना सुरतेची बाजारपेठ जवळ आली. कापूस विकला, हातात पैसा खुळखुळला, की लग्नाआधी किंवा लग्नानंतर एक फोटो. कोट, काठी, घड्याळ पुष्कळदा स्टुडिओचंच असायचं. आयुष्यात एकदाच काढायचा म्हटल्यावर कुणी ढेपाळून बसत नाही.

राजेरजवाड्यांचं वेगळं. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा, शेतकऱ्याच्या घरातला गोपाळ १८७५ साली दत्तक गेला आणि बडोद्याचा सयाजीराव झाला. पुढे वयाच्या प्रत्येक टप्प्यावरचे त्याचे फोटो निघाले. आणि मराठी मुलखाने ज्या पुरुषाच्या रूपाचं सर्वांत जास्त कौतुक केलं तो तर लुगड्यात होता. नाटकांत स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांचं नेसणं आणि केशरचना बायकांनी उचलली. पुरुषाचं सौंदर्य उघड वाखाणायला या समाजाने किती वळणं घेतली पाहा!

अलीकडे पणतूंनी नवा उद्योग काढला आहे. भिंतीवरच्या तसबिरीचा मोबाइलवर फोटो घ्यायचा आणि ॲपमध्ये टाकून रंगीत करायचा. कातडीला ॲप गव्हाळ रंग देतं, झाडांना हिरवा. पागोटं मात्र ते काळं, फार तर गडद निळं करतं, कारण काचेने लाल टिपलाच नव्हता हे त्याला ठाऊक नसतं. असा काळ्या पागोट्यातला पणजोबा मग घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो, फ्रेम होऊन लग्नात भेटही दिला जातो. स्टुडिओतून आलेल्या मूळ प्रतीवर कधीकधी हाताने रंग भरलेले असतात. तेव्हा ॲपकडे जाण्याआधी फ्रेम उघडून काठाला पागोट्याच्या रंगाचा एखादा ठिपका आहे का ते बघावं. तिथे नसेल तर घरातल्या म्हातारीला विचारावं, आणि तेही लवकर.