पाटी, लेखणी आणि सेल

दर रविवारी सकाळी दादरला मी अक्षरलेखनाचा वर्ग घेते. आता निम्म्या मुलांसमोर कागदाऐवजी टॅब असतो, आणि वर्ग सुरू होऊन दहा मिनिटं होतात न होतात तोच मागून कुणीतरी म्हणतं, ‘‘ताई, पेन गेलं.’’ गेलं म्हणजे हरवलं नाही. त्याचा चार्ज संपला, किंवा संपला असं त्या मुलाला वाटलं. मग शेजारच्याचं पेन मागून घ्यायचं, ते याच्या टॅबवर चालत नाही, मग केबलची शोधाशोध. शाई संपली तर दौत पुढे सरकवता येत होती. इथे काय करायचं, हे मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मलाही कुणी सांगितलं नव्हतं. माझं पहिलं पेन हातात असताना गेलं नाही, कपाटात गेलं. गणपतीच्या कामांचा सपाटा संपल्यावर ते खणात ठेवलं आणि गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेसाठी रांगोळीचा आराखडा काढायची वेळ आली तेव्हा, म्हणजे चार-पाच महिन्यांनी बाहेर काढलं. तासभर चार्जिंगला लावलं, मग रात्रभर. टॅबला ते दिसेचना. दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाने ते उलटंसुलटं करून परत दिलं. ‘‘हे उघडत नाही, ताई. आतला सेल बसला. नवीनच घ्या.’’ लिहून लिहून झिजलं असतं तर मला इतकं लागलं नसतं. ते जेमतेम दीड वर्ष वापरलं होतं.

तेव्हापासून मी पालकांना पहिल्याच दिवशी सांगते, की ही पेनं लिहिल्याने मरत नाहीत, न लिहिल्याने मरतात.

कारण साधं आहे. अशा पेनात बसणारा लिथियमचा सेल अगदी लहान असतो. 2015 मध्ये आलेल्या पहिल्या ॲपल पेन्सिलमध्ये तो 0.329 वॉट-तासांचा होता. विजेच्या बिलावरच्या एका युनिटमध्ये, हिशेबापुरतं बोलायचं तर, असं पेन तीन हजार वेळा भरेल. एवढ्याशा साठ्यातून पेन बंद असतानाही थोडी थोडी वीज झिरपत राहते. मोठ्या सेलला ती गळती महिनोन्महिने जाणवत नाही, लहान सेलचा तळ लवकर दिसतो. लिथियमच्या सेलचा विद्युतदाब ठरावीक पातळीखाली गेला की आतली रचना बिघडू लागते, आणि तसा सेल पुन्हा भरणं धोक्याचं असल्याने त्याच्यावरचं संरक्षक सर्किट चार्जिंगच नाकारतं. माझं पेन रात्रभर केबलला लावूनही हूं का चूं करत नव्हतं, ते याचमुळे.

म्हणून पेन महिनाभर लागणार नसेल, तर निम्मं भरून ठेवावं आणि महिन्यातून एकदा काढून पुन्हा निम्म्यावर आणावं. शंभर टक्के भरून कोंबून ठेवण्यापेक्षा हे बरं. आणि ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू नये. चाळीच्या पश्चिमेकडच्या खोलीत मे महिन्यात दुपारी कट्ट्यावर हात ठेवता येत नाही. लिथियमचा सेल उष्णतेने जितका म्हातारा होतो तितका लिहिण्याने होत नाही.

रोजच्या वापराचं गणित मात्र फार सोपं आहे, आणि लोक उगाच त्याचीच काळजी करतात. त्या पहिल्या पेन्सिलचा दावा 12 तासांचा होता, आणि 15 सेकंद टॅबला खोचली की अर्धा तास लिहिता येईल इतकी ती भरत असे. वर्गात ‘पेन गेलं’ म्हणणाऱ्या मुलाने चहावाल्याला हाक मारून चहा येईपर्यंत ते टॅबला लावलं तरी सबंध तासिका निघते. अडचण वेगळीच होती. ती टॅबच्या कडेतून काठीसारखी बाहेर डोकवायची. गाडीत शेजारच्याचं कोपर लागलं तर पेनही जाईल आणि टॅबचं तोंडही, ही धास्ती असायची. 2018 मध्ये लोहचुंबकाने कडेला चिकटून भरणारी पेन्सिल आली आणि ती धास्ती गेली. ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण चार्ज करायची आठवणच ठेवावी लागत नाही. काम थांबलं, पेन जागेवर गेलं, की ते भरू लागतं. दादरच्या पुलावर गर्दीत मात्र चुंबकावर भरवसा ठेवू नका. टॅबच्या कव्हरला पेनासाठी कप्पा हवाच.

इथेच एक गोष्ट पालकांना ठळकपणे सांगायला हवी. 2023 मध्ये आलेली यूएसबी-सीची ॲपल पेन्सिलही टॅबच्या कडेला चिकटते, पण चिकटून भरत नाही. तिला टोपण सरकवून केबल लावावीच लागते. शिवाय तिला हाताचा दाब कळत नाही. गृहपाठ, आकडेमोड, आकृत्या यांना ती पुरेशी आहे. अक्षरलेखनाला नाही. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त पेनांचंही तसंच आहे: दाब नाही, आणि वरच्या टोकाला बोट लागलं की दप्तरातल्या दप्तरात सुरू होणारं बटण.

या सगळ्या पेनांना सेल का लागतो? कारण ती बोलतात. पेनाचं टोक सतत एक विजेचा संकेत सोडत असतं आणि काचेखालच्या पारदर्शक तारांची जाळी तो टिपते. 2015 मध्ये पहिल्या ॲपल पेन्सिलसोबत आलेल्या मोठ्या टॅबचा पडदा सेकंदाला 240 वेळा पेनाचा ठाव घ्यायचा. बोलायला वीज लागणारच.

दुसरी जात स्वतःहून बोलत नाही, पडद्याने दिलेल्या हाकेला ओ देते. जपानच्या वॅकॉम कंपनीच्या बिनतारी, बिनसेलच्या पेनाच्या पाटीचं तत्त्व हेच. पडद्यामागची जाळी चुंबकीय लहर सोडते. पेनात तारेचं एक वेटोळं आणि एक कपॅसिटर असतो, दोघांची जोडी त्याच लहरीला जुळवलेली. रेडिओ स्टेशनला लावावा तशी. लहर आली की त्या जोडीत वीज खेळू लागते. मग जाळी हाक थांबवते आणि ऐकते, तेव्हा पेनाकडून उत्तर येतं. हाक आणि उत्तर हा खेळ सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यांत चाललेला असतो. टोकावर दाब पडला की जोडीचा सूर किंचित बदलतो आणि रेघ जाड होते. सेल नाहीच, तर संपणार काय?

सॅमसंगच्या 2011 च्या नोट फोनपासून चालत आलेलं एस पेन या घराण्यातलं. 2018 च्या नोट 9 मध्ये त्याला दुरून फोटो काढायचं बटण दिलं, तेव्हा त्यात वीज साठवायला एक छोटा सुपरकपॅसिटर बसवला. तो 40 सेकंदांत भरतो आणि बटणाला अर्धा तास पुरतो. तो रिकामा झाला तरी लिहिणं थांबत नाही. नात घरी आली की तिच्यासाठी टॅब काढणारे आजी-आजोबा असतील, किंवा वर्षातून दोनदाच चित्र काढणारा कुणी असेल, तर त्यांना मी डोळे मिटून याच जातीचं पेन घ्यायला सांगते. चार महिने खणात पडलं तरी ते पहिल्या रेघेला हजर असतं.

तिसरी एक तऱ्हा आहे, सेल बदलायची. आपण ज्याला पेन्सिल सेल म्हणतो तो डबल ए. रिमोटमधला त्याहून लहान, ट्रिपल ए. काही पेनांना त्याच्याहीपेक्षा सडपातळ, चार ए वाला सेल लागतो. तो कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळत नाही. त्यासाठी मी लॅमिंग्टन रोडला गेले आहे आणि चौथ्या दुकानात तो मिळाला आहे. असं पेन असेल तर जास्तीची जोडी घरात ठेवा, आणि सुट्टीला जाताना पेनातला सेल काढून ठेवा. जुना सेल आत राहिला तर पाझरतो आणि पावसाळ्यात पेनातली स्प्रिंग गंजते.

आता वर्गातल्या त्या ‘पेन गेलं’कडे. दहापैकी निदान चार वेळा सेलचा काही दोष नसतो. टोक सैल झालेलं असतं. रेघ मधेच तुटते, वेलांटी अर्धवट येते, आणि मूल चार्जरकडे धावतं. टोक चिमटीत धरून हळूच घट्ट फिरवलं की बहुतेकदा काम होतं. टोक झिजतंही. कागदासारखा खरखरीत स्क्रीन गार्ड लावला तर लवकर झिजतं, पण तो काढून टाका असं मी कधीच म्हणणार नाही. गुळगुळीत काचेवर हात घसरतो आणि मुलांची अक्षरं पाय सुटल्यासारखी होतात. टोकं बदलावी लागली तर बदलावी. तळहाताच्या घामाचं आणखी एक. जुलैत खिडकीतून झड येत असते, काच दमट असते आणि ओला तळवा पडद्याला बोट वाटतो, मग भलत्याच ठिकाणी ठिपके उमटतात. एक सुती फडकं जवळ ठेवायचं, बस.

मला या पेनांबद्दल जी खरी ओढ आहे, ती मात्र कताबद्दल. बोरूचं टोक तिरकं छाटतात, त्या छाटाला कत म्हणतात. देवनागरीचा कत रोमन लिपीच्या उलट्या बाजूला झुकलेला असतो. आपल्या अक्षरातलं जाड-बारीक दाबातून येत नाही, या तिरप्या कतातून येतं. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये मुंबईत शिळाछापावर पंचांग छापलं, ते हाताने लिहिलेल्या अक्षरांवरून. पुढे 1869 मध्ये जावजी दादाजींनी सुरू केलेल्या निर्णयसागरचे टाइप धातूचे, तरी त्यांच्या दंडात आणि गाठीत बोरूचीच चाल दिसते.

टॅबच्या पेनाचं टोक मात्र गोल. दाब कळला तरी कत कुठला? ॲपमध्ये चपटं टोक निवडता येतं, पण त्याचा कोन ठरलेला. बोरू बोटांत किंचित वळवून ‘श’ची गाठ किंवा ‘ळ’चा पोटभाग काढायची जी सवय हाताला असते, तिला पडद्याकडून दादच मिळत नव्हती. वॅकॉमचं आर्ट पेन हे वळण ओळखायचं, पण ते फार थोड्यांकडे. 2024 च्या ॲपल पेन्सिल प्रोमध्ये वळण ओळखणारा जायरोस्कोप आला. बोटांत पेन फिरवलं की पडद्यावर कताची सावली फिरते. पहिल्यांदा मी त्यावर ‘ळ’ काढला तेव्हा थांबले आणि पुन्हा काढला, मग पानभर ‘ळ’च काढत बसले. पडद्यावर पहिल्यांदाच हात ओळखीचा वाटला. ते पेन मी आता एक दिवसही उपाशी ठेवत नाही.

याच जुलैत परळच्या एका मूर्तिशाळेत गेले होते. सजावटीचं काम करणारा एक ओळखीचा कलाकार मंडळाच्या कार्यकर्त्यांना टॅबवर मखर दाखवत होता. त्यांनी ‘‘महिरप जरा उंच करा’’ म्हटलं की जागच्या जागी तो ती उंच करायचा. चहूकडे प्लास्टरची पांढरी भुकटी, म्हणून पेनाचं टोक तो मधून मधून शर्टाला पुसत होता. भुकटी टोकाखाली आली तर काचेवर ओरखडे पडतात. कार्यकर्ते गेल्यावर त्याने पेन टॅबच्या कडेला चिकटवलं, बारीक कुंचला घेतला आणि डोळ्यांच्या आखणीसाठी परांचीवर चढला.

खाली आल्यावर मी त्याला माझ्या मेलेल्या पेनाची गोष्ट सांगितली. अनंत चतुर्दशीनंतर तो हे पेन काय करतो, तेही विचारलं. ‘‘मुलीला देतो,’’ तो म्हणाला. ‘‘ती आठवीत आहे. शास्त्राच्या आकृत्या काढते, वर्षभर तिच्याकडेच असतं. पाटपूजनाच्या आदल्या दिवशी परत मागून घेतो.’’