दलाल नेमका कोणाच्या बाजूचा?

मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी घर विकायचं ठरलं की पाटी लावलेलं ऑफिस सहसा कोणी शोधत नाही. ओळखीतल्या चारचौघांच्या कानावर घालायचं. त्यांच्यातलाच एखादा गिऱ्हाईक घेऊन येतो आणि सौदा जमला की दोन्हीकडून टक्का घेतो. विकणाऱ्याला तो आपला माणूस वाटतो, घेणाऱ्यालाही आपलाच. हा घोळ आजचा नाही.

१८७२ चा भारतीय करार कायदा याबाबत कडक आहे. मालकाच्या वतीने हाती आलेला पैसा मालकालाच द्यायचा, आणि मालकाला अंधारात ठेवून दलालाने स्वतःचा फायदा साधला तर तोही मालकाला मागता येतो. समजा, मालकाने बारा लाख सांगितले, गिऱ्हाइकाकडून साडेबारा घेतले गेले आणि मधले पन्नास हजार दलालाच्या खिशात राहिले. ते मागता येतात. पण त्यासाठी तो मालकाचा माणूस होता हे आधी सिद्ध करावं लागतं, आणि तोंडी सौद्यात गाडं तिथेच अडतं.

कापसाच्या बाबतीत वऱ्हाडाने हा प्रश्न फार लवकर हाती घेतला. १८८६ मध्ये कारंजाचा बाजार नियमाखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडात कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. मारेगाव आज ज्या यवतमाळ जिल्ह्यात आहे, त्याला तेव्हा वणीचं नाव होतं. गाडीभर कापूस विकणाऱ्याला अडत्यापासून संरक्षण हवं, हे तेव्हाच पटलं होतं. आयुष्यभराची कमाई घरात घालणाऱ्याला मात्र त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं थांबावं लागलं. मला हे फार खटकतं.

घरबांधणी प्रकल्पांवर नियमन आणणारा २०१६ चा रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. दलाल, मध्यस्थ, प्रॉपर्टी डीलर, नाव काहीही असो, नोंदणी केलेल्या प्रकल्पातली घरं किंवा प्लॉट विकायचे तर दलालालाही नोंदणी बंधनकारक झाली. कागदपत्रं गिऱ्हाइकासमोर ठेवणं, हिशेबवह्या ठेवणं ही त्याची जबाबदारी ठरली. पुढे महारेराने, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, दलालांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आणली. पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. पण या कायद्याची व्याख्या ‘एका व्यक्तीच्या वतीने’ काम करणाऱ्यापासून सुरू होते आणि दोघांची नुसती गाठ घालून देणाऱ्यालाही पोटात घेते. दलाल कोणाच्या बाजूचा, हे तिथेही मोकळंच राहिलं.

शिवाय पाचशे चौरस मीटरपर्यंतचे किंवा आठ सदनिकांपर्यंतचे प्रकल्प नोंदणीतून सुटतात, आणि जुन्या घराची फेरविक्री तर या चौकटीत येतच नाही. लहान गावातले बरेचसे घरांचे व्यवहार नेमके याच जातीचे.

हाच प्रश्न अमेरिकेत कागदावर आणला गेला. घर दाखवण्याआधीच खरेदीदाराने आपल्या एजंटशी लेखी करार करायचा, असा नियम तिथल्या दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने ऑगस्ट २०२४ पासून लागू केला. तोही मोठ्या दाव्यातल्या तडजोडीनंतर. एजंटचे पैसे किती, हे त्या करारात आकड्यात लिहावं लागतं.

आपल्याकडे इसारपावतीवर विकणारा, घेणारा आणि साक्षीदार यांची नावं येतात. दलाल अनेकदा साक्षीदार म्हणूनच सही करतो; तो कोणाच्या वतीने उभा होता आणि कोणाकडून किती घेणार, हे कुठेच येत नाही. ती ओळख आणि तो आकडा त्याच पावतीत, दोघांच्या सह्यांच्या वर लिहून घ्यावा. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.