'काम' ऐकू येतं 'डी, के, ई'

दृष्टिहीन लिपिक संगणकापुढे बसतो तेव्हा हेडफोन एकाच कानाला असतो; दुसरा कान टेबलाशी येणाऱ्या माणसांसाठी मोकळा. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर इतक्या भरभर बोलतो की शेजारच्याला नुसती कुजबुज ऐकू यावी. फाइल उघडणं, मजकूर ऐकणं, उत्तर टाइप करणं, सगळं कीबोर्डवर. मग वरिष्ठ कार्यालयाचं पत्र येतं, कृतिदेवमध्ये टाइप केलेलं. डोळ्यांना त्यात 'काम' दिसतं, पण त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षराआड रोमन अक्षर दडलेलं असतं. कानावर पडतं 'डी, के, ई'. पुढचं परिपत्रक स्कॅन केलेलं, म्हणजे कागदाचा फोटोच. त्यात स्क्रीन रीडरला अक्षरंच सापडत नाहीत. लिपिक शेजाऱ्याकडे वळून म्हणतो, "जरा वाचून दाखवता का?" मघापर्यंत बरोबरीनं काम करणारा माणूस आता दुसऱ्याच्या सवडीची वाट बघत बसतो. त्याची दृष्टी सकाळीही नव्हती; अडला तो आत्ता, दुसऱ्या कोणाच्या तरी टायपिंगमुळे.

दिव्यांगांच्या नोकरीविषयी आपण बोलतो ते 4 टक्क्यांविषयी. 1995च्या कायद्यात सरकारी नोकरीतलं आरक्षण 3 टक्के होतं, 2016च्या कायद्यानं ते किमान 4 टक्के केलं; त्यातला 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींचा. हा आकडा लढून मिळवलेला आहे, तो भरलाच पाहिजे. पण 4 टक्क्यांत मोजल्या जातात त्या खुर्च्या. खुर्चीवरच्या माणसापर्यंत काम पोचतं का, हे त्यात कळत नाही. ती जबाबदारी 2016च्याच कायद्याच्या कलम 20मध्ये आहे: सरकारी आस्थापनेनं वाजवी सोयी पुरवायच्या. अशी सोय नाकारणं हा भेदभावच, असं कायद्याची व्याख्या सांगते. सेवेत असताना अपंगत्व आलं तरी कर्मचाऱ्याला काढता येत नाही. जुनं काम जमणार नसेल तर त्याच वेतनावर दुसरं पद द्यावं लागतं.

अशा सोयींवर पहिला आक्षेप खर्चाचा. लिफ्ट, रॅम्प, सांकेतिक भाषेचा दुभाषी यांना पैसा लागतो आणि छोट्या कारखानदाराची अडचण खरी आहे. म्हणूनच खासगी मालकांना प्रोत्साहन देण्याची तरतूद कायद्यात आहे; सरकारनं तिथे हात आखडता घेऊ नये. पण एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो आणि कृतिदेवऐवजी, स्क्रीन रीडरला वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये टाइप करायला दमडी लागत नाही. इथे मोडायची आहे ती फक्त सवय. दुसरा आक्षेप, काम हळू होतं. न वाचता येणारं पत्र हाती देऊन वेग मोजणं हा कुठला न्याय? तिसरी गोष्ट आक्षेपासारखी वाटतही नाही, कारण ती मायेनं बोलली जाते: "तुम्ही बसा निवांत, आम्ही करतो." मला ती सर्वांत घातक वाटते. पगार चालू राहतो, पण कामातून येणारा अनुभव, चुकण्याचा आणि सुधारण्याचा हक्क, बढतीचा दावा, सगळं हळूहळू हातचं जातं. एखादं कार्यालय दिव्यांगांशी न्यायानं वागतं की नाही, हे पाहायला 4 टक्क्यांचा तक्ता पुरणार नाही. त्या लिपिकाला दिवसातून किती वेळा "जरा वाचून दाखवता का?" म्हणावं लागतं, ते मोजावं.