हाली, कलदार आणि नाण्याचा कस

शिरूर अनंतपाळच्या परिसरात एखाद्या जुन्या पेटीतून रुपये निघाले, तर ते बहुधा हाली तरी असतात किंवा कलदार तरी. कारण हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. ‘हाली’ म्हणजे चालू. आपला ‘हल्ली’ त्याचाच सख्खा भाऊ. ‘कलदार’ म्हणजे यंत्रावर पाडलेला इंग्रजी रुपया. (पुढे हालीही यंत्रावरच पडू लागला, नाव मात्र इंग्रजीलाच चिकटून राहिले.)

चारमिनारची मुद्रा असलेला हाली रुपया ११.१८ ग्रॅम वजनाचा असून त्यात चांदी शेकडा ८१.८ आहे. १९४० पूर्वीचा कलदार ११.६६ ग्रॅमचा, चांदी शेकडा ९१.७. म्हणजे शुद्ध चांदी अनुक्रमे ९.१४ व १०.६९ ग्रॅम भरते. हे प्रमाण जवळजवळ सहास सात होय. आणि सहा कलदारांस सात हाली, हाच सरकारी दर होता! व्यवहारातील हा भेद धातूतच मुरलेला होता.

चकाकीवर विसंबणारा मात्र फसतो. १९४० नंतरच्या कलदारात चांदी निम्मीच उरली. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा. तो लखलखतो, पण लोहचुंबकास चिकटतो. आणि काळवंडलेला हाली चिंचेने घासून उजळविणारा, संग्राहकाकडून मिळावयाचे अधिक मोल आपल्याच हातांनी पुसून टाकतो.