पुरुषांची छाती वाढते तेव्हा

मागच्या श्रावणात पंचविशीतला एक तरुण दवाखान्यात आला. बाकीचे सगळे पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहिला. आत आल्यावर शर्ट काढायला तयार होईना. काढला तर आत दोन बनियन! "डॉक्टर, मार्गशीर्षात लग्न आहे. त्याआधी छातीचं ऑपरेशन उरकायचंय." विहिरीवर पोहायला जाणे त्याने आठवीतच सोडले होते. शहरातल्या सर्जनची तारीखही घेऊन झाली होती.

पुरुषांमध्ये स्तनाची ग्रंथी वाढते त्याला गायनेकोमास्टिया म्हणतात. वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलांना हे थोडेफार होते आणि बहुतेकांचे वर्ष-दोन वर्षांत आपोआप बसते. म्हणून चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन कोणी ऑपरेशनची घाई करू नये. या तरुणाचे मात्र बसले नव्हते. मी पूर्ण तपासले. उंची भरपूर, दाढी विरळ, वृषण लहान. (पूर्वी अशा एका मुलाला मी "वजन कमी कर" एवढेच सांगून परत पाठवले होते. ती माझी चूक होती.) सकाळी उपाशीपोटी दोनदा रक्त तपासले. टेस्टोस्टेरॉन दोन्ही वेळा कमी भरले. पुढे गुणसूत्रांच्या तपासणीत एक एक्स गुणसूत्र जास्त निघाले. १९४२ मध्ये अमेरिकेतील डॉ. हॅरी क्लाइनफेल्टर यांनी वर्णन केलेला हा प्रकार. साधारण सहाशे पुरुषांत एकाला असतो. पुष्कळांना मूल होत नाही तेव्हाच कळतो.

त्याचा मित्र म्हणाला, "पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शने घे, छाती आपोआप बसेल." वाचकहो, तसे होत नाही. जुनी, घट्ट झालेली ग्रंथी इंजेक्शनाने विरघळत नाही. उलट टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात, विशेषतः चरबीत, इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. डोस एकदम मोठा दिला तर छाती दुखते, कधी वाढतेही. शिवाय सर्जन सगळी ग्रंथी काढत नाहीत. स्तनाग्राखाली खड्डा पडू नये म्हणून पातळ चकती ठेवतात. ऑपरेशननंतर संप्रेरके वरखाली झाली तर ती चकती पुन्हा वाढू शकते.

म्हणून ज्याला टेस्टोस्टेरॉन लागणारच आहे, त्याने ते आधी सुरू करावे. तीन महिन्यांनी रक्त तपासून डोस जुळवावा आणि छाती काही महिने आहे तशीच राहिली की मगच सर्जनकडे जावे. या औषधाने रक्त दाट होते. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेले तर औषध थांबवावे लागते. ऑपरेशनआधी ही तपासणी चुकवू नये. सर्जनला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना इंजेक्शनांविषयी सांगावे. ती आपल्या मनाने बंदही करू नयेत. व्यायामशाळेत कोणी देतो ती इंजेक्शने तर घेऊच नयेत, त्यांनीही छाती वाढते. आणि एका बाजूला कडक गाठ असली किंवा स्तनाग्रातून रक्त आले तर त्याच आठवड्यात दाखवावे. पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो, क्लाइनफेल्टर असलेल्यांना इतर पुरुषांपेक्षा जास्त.

पण या तरुणाच्या बाबतीत इंजेक्शनाच्याही आधीचा एक प्रश्न होता. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले की शुक्रजंतू तयार होणे मंदावते, बंदही पडते. म्हणून आधी वीर्य तपासले. एकही शुक्रजंतू दिसला नाही. अशांपैकी काहींच्या वृषणातून सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने शुक्रजंतू मिळवून गोठवून ठेवता येतात, पण तो प्रयत्न इंजेक्शने सुरू करण्याआधी केलेला बरा. हे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. मी म्हणालो, "मुलीला लग्नाआधी सांग. मी सांगू का?" "नको, मीच सांगतो."

मार्गशीर्षातली तारीख पुढे गेली. सर्जनची तारीखही त्याने रद्द केली. पुढच्या खेपेला ती मुलगी त्याच्याबरोबर आली होती, आणि मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाकडे जायला चिठ्ठी तिनेच मागून घेतली.