पावसाळा सोडून

मे महिन्यात रत्नागिरीच्या एखाद्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, उभं राहून बघा. काळपट तांबूस कातळ तव्यासारखा तापलेला असतो. झाडाचं नाव नाही. भेगांतून वाळक्या गवताच्या काड्या तेवढ्या डोकावतात. इथे काही जगत असेल, असं शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही.

मग मृगाच्या सरी येतात. कातळावरच्या जेमतेम मातीत वर्षभर निजलेले कंद जागे होतात आणि दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. ही वनस्पती फक्त कोकणपट्टीतली. श्रावण सरता सरता गेंद, कवला आणि सीतेची आसवं यांनी तोच कातळ पांढरा, पिवळा, निळा होऊन जातो.

सीतेच्या आसवांपाशी तर गुडघे टेकून बसावं. इथल्या मातीत नत्र फार थोडं, म्हणून हे नाजूक निळं फूल ज्या रोपावर येतं ते शिकारी आहे. ओल्या मातीत त्याच्या तिळाहून बारीक पिशव्या असतात. पिशवीतलं पाणी बाहेर टाकून रोप ती आवळून ठेवतं. एखादा सूक्ष्म जीव दाराच्या केसाला लागला की दार उघडतं आणि जीव पाण्यासकट आत ओढला जातो. या कुळातल्या काही वनस्पतींमध्ये ही झेप मोजली गेली आहे: सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी!

कातळही निर्जीव धोंडा नव्हे. लाखो वर्षांच्या ऊन-पावसात मूळ खडकातली सिलिका धुऊन गेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे उरलं, तोच हा सच्छिद्र जांभा. सड्यावर पडलेलं पाणी त्यातून झिरपत खाली उतरतं आणि पायथ्याच्या वाड्यांचे झरे, विहिरी भरतं.

सातबाऱ्यावर मात्र अशा जमिनीची नोंद बहुधा एकाच शब्दात होते: पोटखराबा. 1980 चा वनकायदा जंगलासाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये शब्दकोशातल्या अर्थाने जे वन, तेही त्यात धरलं. पण झाड नसलेल्या कातळाला कुठला शब्दकोश वन म्हणेल? भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर आलेल्या 1986 च्या पर्यावरण कायद्याची व्याख्या विशाल आहे. हवा, पाणी, जमीन आणि त्यांचं माणसांशी, प्राण्यांशी, वनस्पतींशी, अगदी सूक्ष्मजीवांशी असलेलं नातं तिच्यात मावतं. ती वाचताना मला सडाच आठवला.

पण व्याख्येकडून कार्यपद्धतीकडे आलो की मन खचतं. सड्यावर खाण काढायची तर तिच्या पर्यावरण परिणाम अभ्यासासाठी केंद्राने घालून दिलेल्या प्रमाणित अटींत एका हंगामाची माहिती मागितली आहे. हवा, पाणी, माती, वनस्पती, प्राणी, सगळ्यांची. आणि हंगाम कोणता? पावसाळा सोडून कोणताही. म्हणजे मार्च ते मे या काळात सड्यावर येऊन 'इथे काही नाही' असं लिहून जाणारा नियमाबाहेर काहीच करत नाही.

म्हणून खासदारांकडे मागणं आहे. झाडांवाचूनच्या नैसर्गिक जमिनींना, सड्यांना आणि माळांना, कायद्यात त्यांच्या नावाने जागा द्या. तिथल्या गुराख्यांचे आणि कातळावर माती भरून नाचणी पिकवणाऱ्यांचे हक्क त्याच कलमात लिहा. आणि वनस्पतींची पाहणी पावसाळ्यात झाल्याशिवाय परवानगी नाही, हे नियमांवर न सोडता कायद्यातच घाला.

संसदेचं पावसाळी अधिवेशन बहुधा जुलैत सुरू होतं. त्या सुमारास सड्यावर दीपकाडी फुललेली असते.