अपरात्रीं जागा होणारा संगणक

यंत्रास मन नाहीं व इच्छाहि नाहीं, हें आपण सर्वच जाणतों. तरीहि घर निद्राधीन असतां दिवाणखान्यांतील संगणक आपोआप सुरू झाला, म्हणजे सुशिक्षित मनुष्याचीहि विवेकबुद्धि डळमळते. तसा प्रसंग आमचे घरीं आला. त्यानिमित्त केलेला शोध वाचकांस उपयोगी पडेल, म्हणून तो येथें सादर करीत आहों.

आमचा भाचा शिक्षणासाठीं रत्नागिरीहून पुण्यास आमचेकडे राहावयास आला. त्याचें अंथरूण संगणकाशेजारींच असे. एके रात्रीं दोनचे सुमारास पंख्याची घरघर ऐकून आम्ही बाहेर आलों, तों संगणकाच्या पेटीवरील दिवा लागलेला व भाचा उठून बसलेला!

"परीक्षा तोंडावर आली असतां रात्रीं खेळ खेळतोस काय रे?" आम्हीं विचारलें.

"मामा, मीं हात लावलेला नाहीं. त्याच्या आवाजानेंच मला जाग आली."

आमचा विश्वास बसला नाहीं. हाच प्रकार आणखी दोनदां घडला, तेव्हां आम्ही नको ते शब्द बोलून गेलों. मुलाचें जेवण कमी झालें, बोलणें खुंटलें. आणि तो वसतिगृहांत जागेची चौकशी करीत असल्याचें एके दिवशीं आमचे कुटुंबाकडून कळलें. "आधीं यंत्राची झडती घ्यावी, मग मुलाची," एवढेंच ती म्हणाली. तें वाक्य आम्हांस लागलें.

शोधापूर्वीं एक मूलतत्त्व ध्यानांत घेतलें पाहिजे. पूर्वींच्या घरगुती संगणकांचें बटण घरांतील दिव्याच्या बटणाप्रमाणें वीज प्रत्यक्ष तोडीत असे. १९९५ सालीं इंटेल कंपनीनें 'एटीएक्स' नांवाची रचना पुढें आणली आणि ही रीत पालटली. आतां बंद दिसणाऱ्या संगणकाच्या मदरबोर्डासहि, भिंतीवरील बटण चालू असेपर्यंत, ५ व्होल्टचा क्षीण पुरवठा मिळत असतो. पेटीवरील बटण वीज जोडीत नाहीं; 'ऊठ' अशी सूचना मात्र देतें. अशी सूचना देणारे दुसरेहि असूं शकतात. तेव्हां 'आपोआप' म्हणजे 'आपणांस न दिसणाऱ्या कोणाच्या तरी हांकेवरून' इतकाच अर्थ घ्यावयाचा.

पहिला प्रश्न असा कीं, संगणक खरोखर बंद केला होता काय? 'शट डाउन' व 'स्लीप' यांत मोठें अंतर आहे. स्लीपमध्यें पडदा काळा होतो, पंखा थांबतो. पण चालू काम स्मृतींत जिवंत असतें. अशा निजलेल्या यंत्रास माउसचा धक्का, कीबोर्डची कळ, नेटवर्कची हांक किंवा आंतील घड्याळाचा गजर, कशानेंहि जाग येते.

दुसरा प्रश्न यंत्रासच विचारावा. विंडोज प्रणालींत 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून 'पॉवरसीएफजी' व त्यापुढें एक जागा सोडून 'लास्टवेक' असें रोमन लिपींत लिहिलें, कीं शेवटीं जाग कशानें आली तें बहुधा कळतें. 'इव्हेंट व्ह्यूअर' या नोंदवहींत जागें होण्याची वेळहि सांपडते.

आम्हीं नोंदवही उघडली. प्रत्येक वेळीं रात्रींचे दोन वाजलेले, व कारण एकच : टायमर. विंडोज १० मध्यें स्वतःची देखभाल करण्याची वेळ मूळचीच रात्रीं दोनची ठरविलेली असते, व त्यासाठीं निजलेल्या यंत्रास उठविण्याची मुभाहि देतां येते. आमचे येथें ती दिलेली होती. आणि त्यास बंद न करतां रोज निजवीत कोण होतें? आम्हीच! पडदा काळा झाला म्हणजे यंत्र बंद झालें, या समजुतीनें आम्ही कित्येक महिने 'स्लीप' हाच पर्याय निवडीत होतों.

उपाय सोपा आहे. 'पॉवर ऑप्शन्स'मध्यें 'अलाऊ वेक टायमर्स' ही मुभा काढून घ्यावी. दोष माउसचा असल्यास 'डिव्हाइस मॅनेजर'मध्यें जाऊन त्याचा यंत्रास उठविण्याचा अधिकार काढावा.

पूर्णपणें बंद केलेला संगणकहि सुरू होत असेल, तर 'बायॉस' तपासावें. वीज जाऊन परत आली कीं सुरू व्हावें, अशी एक योजना तेथें असते. वारंवार वीज जाणाऱ्या गांवीं तिचा संशय प्रथम घ्यावा. ठरावीक वेळीं उठविणारा गजर व नेटवर्कवरून उठविणारी 'वेक ऑन लॅन' ही सोयहि तेथेंच पाहावी. इतक्यानेंहि न भागल्यास पेटीचें बटण अडकलें आहे काय तें पाहावें. भिंतींतील प्लग काढून, मदरबोर्डावरील त्या बटणाच्या दोन तारांची जोडणी सोडवून ठेवावी व प्लग पुन्हां लावावा. मग प्रकार थांबला तर दोष बटणाचा. न थांबल्यास वीजपुरवठ्याची पेटी जाणत्यास दाखवावी. ती स्वतः कधींहि उघडूं नये. प्लग काढल्यावरहि तींत जीवघेणी वीज साठून राहूं शकते.

एक पथ्य मात्र पाळावें : एका वेळीं एकच बदल करावा व कांहीं रात्री वाट पाहावी. चार बदल एकदम केले, तर रोग गेला तरी कारण कळत नाहीं.

त्या सायंकाळीं भाच्यास जवळ बसवून आम्हीं ती नोंद दाखविली व म्हटलें, "बाळ, चूक आमची. रागावूं नकोस." तो पडद्याकडे पाहत राहिला; मग हळूच म्हणाला, "मामा, आज बंद मी करतों. तुम्ही नुसतें पाहा." वसतिगृहाची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं.

यंत्रानें नोंद ठेविली होती, म्हणून मुलगा निर्दोष ठरला. पण घरांतील माणसाचा शब्द खरा मानण्यास नोंदवहीची वाट पाहावी लागली, याची खंत आम्हांस अजून आहे.